सांगायला काय हरकत होती, काका?

दानिएल काका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यांच्याच जागेवर कुणाला घ्यायचं याचा विचार करत बसले होते. एप्रिलमधला रविवार होता. चर्चमधली उपासना आटोपून घरी आले होते आणि मे महिन्याच्या शिबिराची यादी समोर होती. तीन वर्षांत त्या जागेवर तीन जण येऊन गेले, एकही टिकला नाही. मोबाइल वाजला. मंडळीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘आपले दानिएल काका पहाटे प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.’ खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. आधी राग आला. आता हा माणूस कधीच उत्तर देणार नाही, एवढंच मनात आलं.

चाकणच्या अलीकडे, कारखान्यांच्या शेडच्या मागे आमच्या मंडळ्यांचं, म्हणजे आसपासच्या चर्चचं, एक आवार आहे. तिथे दर मे महिन्यात मुलांचं दहा दिवसांचं शिबिर भरतं. दहा-दहा मुलांचा एक गट आणि त्या गटाबरोबर उठणारा, जेवणारा, झोपणारा एक मोठा माणूस. त्याला आम्ही काउन्सेलर म्हणतो, मुलं दादा, ताई नाहीतर काका म्हणतात. बाहेरून हे काम गाण्याबजावण्याचं वाटतं. प्रत्यक्षात सकाळी साडेपाचला घंटा झाली की नळापाशी भांडणं सुरू होतात. कुणाचा ब्रश हरवतो, कुणाच्या केसांत उवा निघतात, कुणी उशीच्या खोळीत चिवडा लपवून मुंग्या आणतं. मग प्रार्थना, बायबलमधल्या वचनांचं पाठांतर, खेळ, हस्तकला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरल्यासारखं सामूहिक रडं, कारण आईची आठवण त्याच वेळी येते. सगळी गीतं म्हणून घसा बसलेला असतो आणि रोज प्रत्येक मुलाचा एक फॉर्म भरायचा असतो. हे सगळं मी आणि काकांनी बारा उन्हाळे एकत्र केलं. नंतर मी शिबिराची प्रमुख झाले आणि आमचं बिनसायला लागलं.

काका पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होते. मूळचे नगरकडचे, राहायला संत तुकाराम नगरात. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. मी प्रमुख होण्याआधी ते मला ‘रूथ’ म्हणायचे, त्यानंतर ‘बाई’ म्हणायला लागले. मी कितीदा सांगितलं की काका, असं परक्यासारखं बोलू नका. ते मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा ‘बाई’. वेळापत्रक त्यांना कधी मानवलंच नाही. हस्तकलेच्या तासाला आम्ही रंगीत कागद वाटायचो, तर यांच्या गटातली पोरं कानशीने लोखंडाचा तुकडा घासत बसलेली. मुलांच्या फॉर्मवर तब्येत, वागणूक, प्रगती असे रकाने होते. दहा मुलांच्या दहा फॉर्मवर काका एकच शब्द लिहायचे, ‘ठीक’. मी चिडून विचारलं की ज्याला काल ताप होता तोही ठीक कसा? ते म्हणाले, ‘आज उतरला ना.’

दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत ते पाण्याच्या टाकीखाली पायरीवर बसायचे. तुटलेल्या चपला, अडकलेल्या चेनच्या बॅगा, पट्टा निघालेल्या बाटल्या घेऊन मुलं तिथे यायची. काका मान खाली घालून दुरुस्ती करायचे आणि मुलं बोलत राहायची. आम्ही समोर बसवून, नाव घेऊन, प्रेमाने विचारायचो तेव्हा ती गप्प बसत. तिथे मात्र भडाभडा बोलायची. याचाही मला त्रास व्हायचा, कबूल करते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिबिराचा चौथा दिवस. विश्रांतीनंतर हजेरी घेतली तर एंजल नावाची दहा वर्षांची मुलगी नव्हती. गट वेगळ्या ताईंचा, काकांचा नव्हेच. संडास, स्वयंपाकघर, विहिरीचा कठडा... सगळीकडे धावलो. विहिरीत मी स्वतः वाकून बघितलं. शेवटी फाटकावरच्या वॉचमनने सांगितलं की काका तिला रिक्षात बसवून चौकाकडे गेलेत. शिबिरात सगळ्यांचे मोबाइल ऑफिसात जमा असतात, काकांचाही तिथेच पडलेला. एंजलच्या आईचा फोन लागेना. चाकणच्या रस्त्यावर कंटेनरची रांग, कुठे शोधायचं? पोलिसांना कळवावं म्हणून मी नंबर काढला आणि पुन्हा ठेवला. असं तीनदा झालं.

सहा वाजून गेल्यावर दोघं फाटकातून चालत आले. एंजलच्या हातात आंबे होते. मी तिला आत पाठवलं आणि काकांना विचारलं, कुठे गेला होतात. रावेतला, तिच्या घरी. कुणाला विचारून? तुम्ही मीटिंगमध्ये होता, बाई. मग थांबायचं होतं! थांबण्यासारखं नव्हतं.

‘पण का नेलं?’

‘तिचं काम होतं,’ ते म्हणाले, आणि पाणी प्यायला गेले.

एंजलच्या आईचा फोन सातला आला. हो, काका घेऊन आले होते, आमची काही तक्रार नाही, एवढं बोलून तिने ठेवून दिला. पण तक्रार नसली म्हणून काय झालं? एक पुरुष माणूस परवानगीशिवाय एका लहान मुलीला आवाराबाहेर घेऊन जातो, तीन-चार तास कुणाला पत्ता नसतो. हे चालवून घेतलं तर उद्या कुणाच्या भरवशावर आईबापांनी पोरं पाठवायची? कमिटी बसली. चर्चच्या पाळकसाहेबांनी समजुतीने विचारलं, मी रागाने विचारलं. काका टेबलाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, ‘ती गोष्ट माझी नाही. माझी असती तर सांगितली असती.’

त्यांना शिबिरातून कमी करण्याचं पत्र मी लिहिलं. मीच नेऊन दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, ‘बरोबर लिहिलंय.’ माणसाने निदान भांडावं तरी! त्यानंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेले, नुसतं कारण विचारायला. काकूंनी चहा केला. काकांनी कॉलनीतल्या पाण्याच्या वेळा, नव्या पाइपलाइनचं रखडलेलं काम, असं सगळं सांगितलं. तेवढं सोडून सगळं. मग रविवारी चर्चच्या दारात ‘सलाम, बाई’, ‘सलाम, काका’. तीन वर्षं आमच्यात एवढंच बोलणं उरलं.

दफनविधीनंतर आठवड्याने त्यांच्या घरी सांत्वनाची प्रार्थना होती. निघताना जिन्यात एका बाईंनी माझा हात धरला. एंजलची आई. रडून डोळे सुजलेले. म्हणाली की त्या दिवशी संध्याकाळी तिला हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. छातीत गाठ होती, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. पोरीने काही बघू नये म्हणून तिला मुद्दाम शिबिराला पाठवलं होतं. पण पोरीने घरात सगळं ऐकलं होतं, आणि आई आता परत दिसणार नाही असं धरून बसली होती. तीन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी भेटला तो चपलेचा पट्टा शिवून देणारा. त्याला तिने आधी कुणाला न सांगण्याची शपथ घातली, मग सांगितलं.

‘मीपण काकांना हात जोडले होते,’ ती म्हणाली. ‘मंडळीत कळलं की माणसं प्रार्थनेला येतात, अन् मग बघत बसतात. तुम्ही काकांना काढलं ते मला कळलं होतं, ताई. मी सांगायला पाहिजे होतं.’

मी हात सोडवून घेतला. तिचा राग आला, पण एवढं सोसून उठलेल्या त्या बाईवर रागावणार कसं? घरी जाताना सगळा राग काकांवर गेला. अहो, मला सांगायला काय हरकत होती? मी काय दवंडी पिटणार होते? मी स्वतः गाडी काढून त्या पोरीला नेलं असतं... निगडीचा पूल येईपर्यंत मी अशी भांडत होते. मग लक्षात आलं की नाही, मी नसतं नेलं. मी आधी तिच्या गटाच्या ताईला बोलावलं असतं, मग पाळकसाहेबांना फोन, मग फॉर्मवर नोंद. सगळं नियमाप्रमाणे, प्रेमाने. आणि तोवर तिची आई हॉस्पिटलात गेली असती. काकांना हे माहीत होतं. मी त्यांच्यावर चिडायचे, पण मला नीट ओळखत तेच होते.

तरीही ते चुकलेच. आज तशी वेळ आली तर तेच पत्र मी पुन्हा लिहीन, असं म्हणते आणि मग दोन-दोन दिवस स्वतःवरच वैतागते.

यंदाच्या शिबिरात नव्या काउन्सेलरांना मी पहिल्याच दिवशी नेहमीचं बजावलं, की मूल म्हणालं ‘कुणाला सांगू नका’, तर तसं वचन द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खोल्या तपासत होते. सगळ्या मुली नाश्त्याला गेल्या होत्या, एक आठ वर्षांची मात्र चादर पोटाशी घट्ट धरून कोपऱ्यात उभी. म्हणाली, ‘ताई, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?’

मला जे बोलायला हवं ते तोंडपाठ होतं. ते बोलले नाही. तिच्या शेजारी खाली बसले आणि म्हटलं, नाही सांगणार. तिने चादर पुढे केली. ओली होती.

ती मी मागच्या नळावर धुतली आणि दोरीवर वाळत घातली. तेवढ्यात तिच्या गटाची ताई हातात फॉर्म घेऊन आली. नवी, हुशार, नियमाला पक्की पोरगी. चादर कुणाची, काही झालंय का, लिहायला हवं का, असं तिने विचारलं. माझी आहे, मी म्हटलं. पाणी सांडलं. ती चादरीवर छापलेल्या फुलपाखरांकडे बघत होती आणि मग माझ्याकडे. तिचा विश्वास बसला नव्हता, चिडलीही असावी. मी दुसऱ्या टोकाला चिमटा लावला.