ओट्यावरून सुटलेली सायकल

मला सायकल येते, असे मी त्या काळी सर्वांना सांगत असे, आणि ते अगदीच खोटे नव्हते. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत चाळीपुढे लांबट फरसबंद अंगण होते आणि त्याच्या कडेला कमरेच्या जरा खाली येणारा दगडी ओटा. सायकल ओट्याला भिडवायची, ओट्यावरून सीटवर बसायचे, डाव्या पायाने दगडाला रेटा द्यायचा, की मी निघाले. उतरायचे झाले की फेरी पुरी करून पुन्हा ओट्याशी यायचे, होडीने धक्क्याला यावे तसे. जमिनीवरून चढणे आणि जमिनीवर उतरणे ही या विद्येची दोन अंगे शिकायची राहून गेली होती. वाडीत त्यांची कधी गरज पडली नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. हरताळामुळे माझे कॉलेज बंद होते, दादाचे ऑफिस बंद होते आणि लालबागला राहणाऱ्या त्याच्या मित्राची गिरणीही बंद होती. ज्या महाराष्ट्रासाठी आपण रोज घसा बसवून घेतो, तो परळच्या पलीकडे कसा दिसतो ते एकदा पाहून यावे, असे त्या मित्राच्या मनात आले. कसाऱ्यापर्यंत सायकली गाडीतून न्यायच्या, तिथून जव्हारच्या बाजूला जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने डोंगरात शिरायचे आणि ओळखीच्या एका शाळामास्तरांकडे मुक्काम करायचा, असा बेत ठरला. मी त्या वर्षी सह्याद्रीवर सात कविता लिहिल्या होत्या आणि सह्याद्री पाहिला नव्हता. मी हट्ट धरला. दादाने अट घातली : माझ्यामुळे खोळंबा झाला, तर वाटेत भेटेल त्या एस.टी.त तो मला बसवून देईल आणि पुन्हा कधीही बरोबर नेणार नाही. दादा शब्दाचा पक्का होता, आणि मला वाडीबाहेर नेणारे त्याच्यावाचून दुसरे कोणी नव्हते.

कसाऱ्याला स्टेशनाबाहेर मालधक्का दिसला, तेव्हा मला देव भेटल्यासारखे झाले. ते दोघे चाकांतली हवा पाहत होते तेवढ्यात, पदर कमरेला खोचून, मी धक्क्यावरून सुटलेसुद्धा.

पाऊस सकाळपासून एका लयीत पडत होता. कुजल्या पानांचा, ओल्या शेणाचा, चुलीच्या धुराचा वास आळीपाळीने नाकाशी येई. हिरवा रंग इतक्या परींचा असतो, हे मला डोळ्यांच्या कोपऱ्यातूनच कळत होते. सरळ नजर खड्ड्यांवर होती. उजव्या हाताला मोठा धबधबा आहे, हे गालावर आलेल्या गार तुषारांनी सांगितले. सात कवितांतून ज्या सह्याद्रीची मी आळवणी केली होती, तो असा हाताच्या अंतरावर आला, आणि मी त्याच्याकडे मानही न वळवता निघून गेले. चढावर पोटऱ्यांत गोळे आले. तरीही मी थांबले नाही, कारण थांबणे म्हणजे पडणे.

एका झोपडीपाशी चहाचा वास आला. दादाने मागून हाक मारली. मी दमलेली नाही, तुम्ही सावकाश या, असे मी न वळता ओरडून सांगितले. त्याच्या मित्राचे बोलणे वाऱ्यावर माझ्यापर्यंत आले : "तुझी भैण इंजिन आसा काय रे?"

या स्तुतीत तरंगत मी वळणावर आले, तर पुढे ओढ्यावरची कठडा नसलेली अरुंद मोरी आणि तिच्यावर म्हशी. मी घंटी वाजवली. मग शुद्ध मराठीत विनंती केली. मग सायकलसकट कडेच्या भातखाचरात गेले.

चिखल मऊ आणि अनपेक्षितपणे कोमट होता. पाठीवर इरली घेऊन ओळीने रोपे लावणाऱ्या बायका थांबल्या. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईने मला दंडाला धरून वर काढले, सायकल रस्त्यावर आणून दिली, आणि ती मी बसण्याची वाट पाहू लागली. मी ती जाण्याची वाट पाहू लागले. अखेर मी बांधावर पाय देऊन पाहिला. तो घोट्यापर्यंत आत गेला.

"काय हुडकतेस?"

"दगड. बसायला."

"दमलीस व्हय?"

सायकलवर बसायला, असे मला सांगावे लागले. मग इथवर आलीस कशी, हे तिने विचारले आणि मी मालधक्क्याची हकिगतही सांगितली. तिने ती खाचरभर ऐकू जाईल अशी सगळ्यांना सांगितली. इरल्यांची अख्खी ओळ हलली.

एवढ्यात दादा आणि त्याचा मित्र अर्धा चहा टाकून धापा टाकीत पोचले, आणि समोरून कसाऱ्याकडे परतणारी एस.टी. आली. दादाने माझ्याकडे पाहिले, चिखलाकडे पाहिले, आणि हात वर केला. गाडी थांबली.

"चल, बस. ठरलंय आपलं."

तो रागावलेला नव्हता, त्यामुळे मला अधिकच भीती वाटली. "मी दमले नाहीये, दादा," मी म्हणाले. "मला चढता येत नाही आणि उतरता येत नाही. मधलं सगळं येतं."

मित्र हँडलवर ओणवा होऊन हसू लागला. कंडक्टर दारातून बघत होता.

"धक्का द्या कुनीतरी तिला," ती बाई म्हणाली. "मग जातीया ती."

"सकाळपासून थांबली नाहीस ती म्हणून?" दादाने विचारले. मी मान हलवली. "आमचा जीव गेला तुझ्यामागे. याला खोळंबा तरी कसा म्हणू?" असे म्हणून त्याने गाडीला जायची खूण केली. घंटीची दोरी ओढता ओढता कंडक्टरने संयुक्त महाराष्ट्राच्या भवितव्याविषयी शंका व्यक्त केली.

तिथून पुढे मी कुठेही थांबू शकत होते. उतरताना मित्र हँडल धरी, निघताना दादा सीट धरून पळे आणि सोडून देई. ही सोय झाल्यावर मी दर धबधब्याला थांबले. पाचव्याला नाकाच्या शेंड्यावरून पाणी गाळीत दादाने विचारले, हे पाणी मघाच्या पाण्याहून वेगळे आहे का. मी नीट पाहिले आणि आहे म्हणून सांगितले. तो सीट धरून उभा राहिला.