पितळी बिल्ला

माझ्या बायकोच्या मामांकडून पाना उसना आणण्यापेक्षा वाघाच्या तोंडातून घास काढणं सोपं. मामा जबलपूरच्या एका कारखान्यातले निवृत्त फिटर. तिथली शिस्त त्यांनी घरी आणली होती: हत्यार न्यायचं तर त्याच्या खिळ्यावर आपल्या नावाचा पितळी बिल्ला अडकवायचा. एकदा नळ निसटून स्वयंपाकघरात तळं झालं, मामी पान्यासाठी धावल्या, तर मामा म्हणाले, "पहिले बिल्ला!" त्या दुपारी मामींनी ताटात भाताऐवजी बिल्ला वाढला.

निवृत्तीनंतर स्कूटरला पाने बांधून ते बरगीकडच्या एका गावी हातपंप दुरुस्त करायला जात. मागच्या सीटवर मी. पाणी आलं तरी लगेच कुणाला भरू देत नसत. आधी साबणाने हात धुवा, मग नखं दाखवा. सरपंचही यातून सुटले नाहीत. पान्याला मात्र कुणी बोट लावायचं नाही. पंप बिघडला की फोन यायचा आणि मामा तडक निघायचे.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मामा खाटेवर असतानाच पंप बंद पडला, लोक नाल्याचं पाणी प्यायले आणि घरोघरी मुलं जुलाबाने आडवी झाली. ते ऐकून मामांचा चेहरा उतरला. "पंपाची गलती नाही. मीच इतके दिवस चुकून राहिलो होतो. पाना आपल्याच हातात ठेवला ना!"

डॉक्टरांना न जुमानता काठी टेकत निघाले. मी रिक्षा केली. पंपाशी खुर्ची टाकून बसले आणि गावातल्या सुमित्राबाईंच्या हाती पाना दिला. पाच-सहा बायकांनी पाइप वर ओढले. मामांचे हात शिवशिवत होते, म्हणून त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. झिजलेलं चामड्याचं वायसर बदललं, दांडा दहा-बारा वेळा कोरडाच खडखडला, आणि पाणी आलं.

"दादा, पाना यहीं छोड़ जाओ," सुमित्राबाई म्हणाल्या. "घुटना आपका खराब है, हमारा नहीं."

"बिल्ला?" मामा सवयीने बोलून गेले. बाईंनी हातातली एक हिरवी बांगडी उतरवून दिली.

ती आज त्या खिळ्यावर आहे. परवा मी विचारलं, "मामा, पाना परत मागवू का?"

"काहून? तिकडे कामात आहे ना तो!"

गावाहून आता फोन येत नाही, याचा मामांना फार आनंद आहे. तरी फोन ते उशाशीच ठेवतात, आणि सकाळी स्कूटर पुसतात.