खिडकीतलं बारसं

जन्मनोंदणीच्या खिडकीच्या काचेला भोक असतं ते नेमकं कमरेच्या उंचीवर; नव्या बापांना वाकवायचं सरकारी धोरणच असावं! माझ्या अक्षरावर वैतागून आतल्या बाई म्हणाल्या, “नाव तोंडी सांगा.” बारशात आत्या कानात सांगेपर्यंत ते गुपित होतं, म्हणून मी पुटपुटलो.

“मोठ्याने!”

संतापून मी गरजलो, “शर्वरी!”

अख्ख्या रांगेने मान डोलावली. सोबत आलेली माझी बहीण, म्हणजे आत्याच, फणकारली, “दादा, आता मी काय सांगू तिच्या कानात? तुझे प्रताप?”

त्या खिडकीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तान्ह्या कानापाशी माणूस आपणहून वाकतो; तिथे कुणी “मोठ्याने” म्हणत नाही.

बारशाला पाळण्यावर वाकण्याआधी बहिणीने फर्मावलं, “तू कान झाक.”

अख्ख्या रांगेच्या वतीने मी ते झाकले.