आठ तासांचा उजेड

आमच्या घरात मासे आले ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. खायला नव्हे, बघायला.

झालं असं, की बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, पण दर वेळी गाडी बीपीपाशी अडायची. बाबांच्या दंडाला तो पट्टा गुंडाळला, की आकडा चढलाच म्हणून समजा. डॉक्टर म्हणायचे, "अंकल, पहले बीपी नीचे लाइए, फिर आँख." बाबा म्हणायचे, "पहले आँख दो, बीपी अपने आप उतरेगा." दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम! मधल्या मध्ये बाबा चहात साखरेऐवजी मीठ घालत होते, आणि शेजारच्या साहूजींच्या बायकोला आपली सून समजून भाजीत तिखट कमी घालण्याबद्दल झापत होते. (ती बिचारी तेव्हापासून खरंच कमी घालते.)

बाबांनी सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, कोक ओव्हनला काढली. म्हणजे दगडी कोळसा भाजायच्या त्या भट्ट्या, ज्या एकदा पेटवल्या की विझवायच्याच नसतात. असा माणूस रिटायर होऊन रुआबांधा सेक्टरातल्या घरात खुर्चीवर बसला, की त्याला काय होणार? बीपीच होणार. शेवटी डॉक्टर म्हणाले, "घर में छोटा ॲक्वेरियम रखिए. मछली देखने से मन शांत होता है."

दवाखान्याबाहेर आल्यावर बाबांनी मला थांबवलं. "मले दिसत नाही म्हून याच्याकडं आलो, नि हा म्हन्ते मासे पाह्य!"

मुद्दा बिनतोड होता. पण तोवर माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला होता. मी त्याच प्लांटच्या लाइटिंग सेक्शनला आहे. शेडच्या छताखालचे दिवे, क्रेनवरचे दिवे, यार्डातले दिवे, सगळा माझा प्रांत. माझी बायको सुजाता प्राथमिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला माणसं ओळखता येतात. ती म्हणाली, "हे पाहा जी, दोन फुटांची टाकी हाये. यार्ड नाही."

बाबांना घेऊन खुर्सीपारच्या ॲक्वेरियमच्या दुकानात गेलो, तर दुकानदारानंही तेच सांगितलं. "भैया, छोटा टँक है. हल्की एलईडी लो, पौधों में जावा फर्न लो, अनुबियास लो. पत्थर से बांधो और भूल जाओ." इतका सोपा सल्ला ऐकल्यावर कोणताही तज्ज्ञ जे करतो तेच मी केलं. मंद हसलो. मग त्याला लुमेन आणि स्पेक्ट्रम समजावून सांगितलं. तो ते ऐकत दुसऱ्या गिऱ्हाइकाला पोपटाचा पिंजरा विकत होता.

मला भिंतीवरच्या फोटोतली लाल पानांची वनस्पती हवी होती. दुकानदार म्हणाला, "उसको तेज लाइट चाहिए, खाद चाहिए, गॅस का सिलिंडर भी लगता है."

"चुलीचं सिलिंडर येत नाही टायमावर," बाबा गरजले, "आता गवताले सिलिंडर?" मग त्यांनी पिशवीतली दुसरी एक वनस्पती डोळ्यांजवळ नेली, चुरगाळली, हुंगली. "बे, हे तं खरंच गवत हाये! धानाच्या बांधीतून वाकू-वाकू हेच उपटून फेकत होतो आमी. नि तू इकत घेऊन राहिला?"

"बाबा, हे ॲमेझॉन नदीतलं आहे."

"मंग वैनगंगेनं का घोडं मारलं होतं?"

सिलिंडर तेवढं सोडलं, बाकी सगळं घेतलं. लाइट मात्र दुकानातली घेतली नाही. ती बोटभर पट्टी! मी बाहेरच्या भिंतीवर लावायचा फ्लडलाइट आणला आणि टाकीवर आडवा बसवला. संध्याकाळी बटण दाबलं. सगळे गप्पी मासे एका दिलानं फिल्टरमागे जाऊन उभे राहिले. रुआबांध्यातले झाडून सगळे पतंगे आमच्या खिडकीला येऊन धडकले. कुंपणापलीकडून साहूजी ओरडले, "का बात हे मिलिंद भाई, बिहाव हे का घर म?" सुजातानं पर्समधून काळा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पोळ्या लाटायला बसली.

खूश झाले ते एकटे बाबा. "आता कुठं कायतरी दिसून राहिलं!"

दुसऱ्या दिवशी मी माघार घेतली आणि जरा लहान लाइट आणली. (लहान म्हणजे माझ्या मते लहान.) ती देताना दुकानदारानं बजावलं, "आठ घंटा जलाना, फिर बंद. पौधे को अंधेरा भी चाहिए." नेमक्या त्याच आठवड्यात सुजाताच्या आईचा पाय मोडला आणि सुजाता नागपूरला गेली. घरात उरलो मी, बाबा आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आमची मीनू. मी दोघांना एवढंच सांगितलं, "लाइट आठ तास लागते. लक्ष द्या."

आता हे वाक्य पुण्यात किंवा नाशकात म्हटलं असतं, तर काही बिघडलं नसतं. पण भिलाईत "आठ तास" या शब्दांचा एकच अर्थ होतो, शिफ्ट!

बाबांनी न सांगता ए शिफ्ट घेतली. उजाडायच्या आत आंघोळ, शर्ट पँटमध्ये खोचलेला, केस चोपलेले, आणि टाकीसमोर खुर्ची. बरं, शिफ्ट संपली म्हणून लाइट बंद करतील तर ते बाबा कसले! कोक ओव्हनमध्ये कोणी भट्टी बंद करून घरी जात नाही. पुढच्या पाळीचा रिलीव्हर येतो, त्याच्या ताब्यात चालू भट्टी द्यायची आणि मग निघायचं. त्या दिवसांत प्लांटमधून मी दुपारी परतायचो. बाबा दारातच उभे असत.

"लाइट चालू हाये, पंप चालू हाये. मासे दिसत नाहीत, पन असतीन. घे, तुया ताब्यात."

मला वाटे, बाबांनी लाइट आत्ताच लावली असेल. म्हणून मी माझे आठ तास इमानदारीनं मोजायचो आणि झोपायला जाताना मीनूला म्हणायचो, "लाइटचं बघ गं." ती रात्री त्याच खोलीत अभ्यास करायची. ती म्हणायची, "टेन्शन मत लो पापा, मेरे आठ घंटे पक्के." आणि पहाटे आजोबा शर्ट खोचून आले, की ती चालू लाइट त्यांच्या ताब्यात देऊन झोपायची. कोणी पाच मिनिटांचा कामचुकारपणा केला नाही, कोणी कोणाला उशिरा सोडलं नाही. एवढी चोख ड्यूटी मी प्लांटमध्येसुद्धा पाहिलेली नाही!

आठवडाभरानं बाबा म्हणाले, "मिलिंद, पानी हिरवं दिसून राहिलं."

"बाबा, तो मोतीबिंदू आहे."

दोन दिवसांनी मीनू म्हणाली, "पापा, मले पन हिरवा दिख रहा है."

"रात्रभर मोबाईल पाहिल्यावर दुसरं काय दिसणार?"

मग मलाही दिसू लागलं. मी चष्मा पुसला.

चष्मा स्वच्छ निघाल्यावर मात्र चौकशी समिती नेमणं भाग होतं. अध्यक्ष मीच. मी दोघांना समोर बसवून विचारलं, "लाइट किती तास चालते?"

"आठ," बाबा म्हणाले, "एक मिनिट कमी नाही."

"आठ, पापा. कसम से."

माझेही आठच होते. तिघांची साक्ष तंतोतंत जुळत होती! तेव्हा लाइट निर्दोष सुटली आणि सगळा ठपका वनस्पतींवर गेला. त्यांना खाद कमी पडत असणार! मी खाद ओतली. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. मग वाटलं, एवढ्या दाट पाण्यातून पानांपर्यंत उजेड पोचत नसेल. म्हणून लाइट आणखी खाली आणली. लाल वनस्पतीनं आधी पानं टाकली, मग देठ टाकला. मासे आहेत की नाहीत हे कळायचा एकच मार्ग उरला, खाणं टाकल्यावर पाणी हलतं का ते पाहणं.

आणि बाबांची तपासणी तोंडावर आली. गमतीचा भाग सोडा, मला मनातून फार भीती वाटत होती. नुकतेच ते दुधाचं पातेलं चुलीवर आहे हे न दिसून त्यात हात घालता घालता वाचले होते. या वेळीही बीपीनं घात केला असता, तर ऑपरेशन पुन्हा पुढं गेलं असतं. ज्या टाकीनं मन शांत व्हायचं, तिच्यात हिरवी भिंत उभी होती, आणि ती भिंत मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अकलेनं बांधली होती.

डॉक्टरांनी बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, मशीन बदलून मोजलं.

"एकदम नॉर्मल! देखा अंकल? मछलियाँ दिन भर क्या करती हैं?"

"पता नहीं साहब. दिखती नहीं."

"फिर आप क्या देखते हैं?"

"देखता कुछ नहीं," बाबा ताठ बसून म्हणाले, "ड्यूटी करता हूँ."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवून भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक अक्षरं वाचू लागलो. ऑपरेशनची तारीख मात्र मिळाली!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सुजाता नागपूरहून आली. बॅग खाली ठेवण्याआधीच तिची नजर टाकीवर गेली.

"हे काय करून ठेवलं?"

"वनस्पतींचा प्रॉब्लेम आहे," मी म्हणालो.

"लाइट किती तास लावता?"

"आठ!" आम्ही तिघंही एका सुरात ओरडलो.

सुजातानं बॅग खाली ठेवली. "कोणाचे आठ?"

"माये," बाबा म्हणाले, "ए शिफ्ट."

"मेरे, नाइट शिफ्ट," मीनू म्हणाली.

माझी दुपारची शिफ्ट धरून मी बोटं मोजू लागलो. सुजातानं तिसरीच्या वर्गाकडे पाहावं तसं आमच्याकडे पाहिलं. "आठ त्रिक?"

शेवटी बाबाच म्हणाले, "चोवीस." आणि मग त्यांची मान अभिमानानं वर गेली. "म्हंजे एकदाही बंद नाही पडली! अशी चालवा लागते भट्टी!"

त्याच दुपारी सुजातानं माझी लाइट उतरवून माळ्यावर टाकली, सडलेलं सगळं उपसलं, अर्धं पाणी बदललं आणि टाकीवर जाड पांढरी चादर घातली. उजेड मिळाला नाही की पाण्यातलं हिरवं शेवाळ मरतं, म्हणून काही दिवस पूर्ण अंधार, असा तिचा हुकूम होता. मला खुर्सीपारला पाठवून ती बोटभर पट्टी आणि जावा फर्न आणवलं. दुकानदार मंद हसला.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधलेले बाबा माझा हात धरून घरात आले. डाव्या डोळ्याला अंधुकसं पांढरं काहीतरी दिसलं आणि ते दारातच थबकले.

"कोन मेलं बे?"

"कोणी नाही, बाबा. पाणी साफ होऊन राहिलं."

"मंग माई ड्यूटी?"

"मेडिकल लीव्ह," सुजाता म्हणाली, तेव्हा कुठं ते खुर्चीत बसले.

पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी घरात चष्मा काढायची परवानगी दिली. त्या संध्याकाळी सुजातानं चादर ओढली आणि नवी लाइट लावली. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं! गप्पी तर होतेच, वर त्यांनी त्या हिरव्या काळोखात भरपूर पिल्लंही घालून ठेवली होती. आमच्यापैकी कोणाच्या तरी शिफ्टमध्ये एवढं मोठं उत्पादन झालं होतं आणि कोणालाच पत्ता नव्हता.

बाबांनी खुर्ची पुढं ओढली. चष्मा काढला. काचेला नाक लावून एकेक मासा न्याहाळला. "हा निया शेपटीचा," एका निळ्या गप्पीकडे बोट दाखवत ते हळूच म्हणाले, "नि हे बारके बारके... किती साजरे हायेत रे." खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझा फ्लडलाइट, माझं स्पेक्ट्रम, माझी चौकशी, सगळं माफ झाल्यासारखं वाटलं. मी टाकीच्या पलीकडून वाकलो आणि काचेतून विचारलं, "बाबा, नीट दिसते ना?"

बाबांनी मासे सोडून माझ्याकडे पाहिलं. निरखून पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मिलिंद?"

"हो बाबा."

"तुये केस कुठं गेले बे?"

"गेले, बाबा. झाली की पाच-सहा वर्षं."

"नि मले कोनी सांगतलं नाही?"

सुजातानं तोंडाला पदर लावला. मीनू म्हणाली, "पापा, हिलना मत, फोटो मस्त आ रहा है." मी वर पाहिलं. लाइटची पट्टी मीच बसवली होती आणि ती जरा तिरपी बसली होती. उभी हयात लाइटिंग सेक्शनला काढली, पण एखाद्या वस्तूवर इतका नेमका, एकसारखा आणि कुठंही सावली न पडणारा उजेड पाडायला मला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं होतं, आणि ती वस्तू म्हणजे माझं टक्कल होतं!