मेहरूणचा पाल्यादेव

चहा अर्धा होऊ द्या, मग सांगते. नाहीतर ठसका लागायचा आणि वर म्हणाल, सुमनवहिनींनी आधी बजावलं नाही. लोकांच्या हातून काय काय होतं, दूध उतू जातं, एसटी चुकते. माझ्या हातून देव झाला. अहो, खरंच सांगते, चांगला शेंदूर लावलेला देव. आणि त्या देवानं पहिला दणका कुणाला दिला असेल? मलाच.

मी मूळची चोपड्याच्या पलीकडची, पार सातपुड्याच्या पायथ्याची. आबा, म्हणजे माझे वडील, फॉरेस्ट गार्ड होते. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, मागे अंजनाची झाडं, आणि त्यामागे नुसतं रान. मोहाची फुलं वेचायला बुधीमाय नावाची एक पावरा आदिवासी म्हातारी यायची, ती दमली की आमच्या ओट्यावर बसायची आणि गोष्टी सांगायची. अंजनाचं पान जोडीनं का असतं ठाऊक आहे? तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या दोघी बहिणी. एकीला सासरी न्यायला आले, तेव्हा दुसरीनं तिचा हात सोडलाच नाही. ही गोष्ट ऐकली की मी जेवायची नाही, असं आई सांगते.

आणि घाटाच्या वळणावर होता पाल्यादेव. देव कसला, एक दगड आणि त्यावर डहाळ्यांचा ढीग. रान सोडून जाणाऱ्यानं तिथं हिरवी डहाळी टाकायची. जिथं तुमची डहाळी, तिथं देव तुम्हाला परत आणणार, असा बुधीमायचा हिशेब.

माझं लग्न झालं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला. वऱ्हाडाच्या टेम्पोत मी हातात अंजनाची डहाळी धरून बसले होते. वळण आलं, मी ओरडले थांबवा म्हणून, पण ड्रायव्हरला वाटलं नवरी रडतेय. नवऱ्या रडतातच. त्यानं गाडी आणखी जोरात काढली. ती डहाळी हातातच राहिली आणि जळगावपर्यंत सुकली.

जळगावातल्या मेहरूणला सासर. घर चांगलं, माणसं चांगली, तलावही पायी जाण्याइतका जवळ. पण मला रान हवं होतं हो. सकाळी उठलं की कान आपोआप मोराकडे लागायचा, आणि ऐकू यायचं काय, तर शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा. मग मी एक दोनशेपानी वही आणली आणि तिचं नाव ठेवलं रानवही. तीत बुधीमायच्या गोष्टी लिहायच्या, रंगीत पेन्सिलींनी झाडं काढायची, माहेराहून पत्रातून आलेली पानं खळीनं चिकटवायची. आज कोशिंबीला तांबडी पालवी फुटली असेल, आबा गस्तीवरून येऊन घोटभर चहा मागत असतील, असलं काहीबाही लिहायचं. वही ठेवायची गव्हाच्या कोठीमागे. सून पानं चिकटवत बसते म्हटल्यावर कोण हसल्याशिवाय राहील?

घरामागच्या बोळात एक कडुलिंब होता, त्याच्या बुडाशी एक दगड. घाटात राहून गेलेली डहाळी इथं टाकू, असं माझ्या मनानं घेतलं. रोज सकाळी तिथं लिंबाची डहाळी ठेवायची, दगडाशेजारी बसून वहीत चार ओळी लिहायच्या, की दिवस बरा जायचा.

एक दिवस सासूबाईंनी गाठलंच. त्यांना सगळा मोहल्ला अक्का म्हणायचा. माहेर अमळनेरकडच्या खेड्यातलं, त्यामुळे बोलणं ठेवणीतलं खानदेशी. कमरेवर हात ठेवून उभ्या. "काय करी राहिनी वं आठे?"

आता सांगायचं ना, वहीत लिहितेय म्हणून? पण माझी जीभ. म्हटलं, देवाचं करतेय. आमच्याकडचा पाल्यादेव आहे, वाटेचा देव. आणि देवाचं करणं चालू असताना कुणाची सोबत चालत नाही, अर्धा तास एकटीनंच बसायचं असतं. ही शेवटची भर माझ्या पदरची, लिहायला निवांतपणा मिळावा म्हणून.

अक्कांनी मुकाट चप्पल काढली, एक डहाळी तोडली, दगडावर ठेवली आणि निघून गेल्या. मला हसू आवरेना. बावळट मी, तेव्हाच रडायला हवं होतं.

अक्कांनी ही बातमी शेजारच्या लीलाकाकूंना दिली. लीलाकाकूंनी गॅससाठी नंबर लावून किती वर्षं झाली होती ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांनी डहाळी ठेवली आणि त्याच आठवड्यात गॅसचा नंबर आला. संपलं! दुसऱ्या दिवशी बोळात सात बायका. तिसऱ्या दिवशी दगडाला शेंदूर. आठवड्याभरात लिंबाचा खालचा पाला संपला आणि बायका तलावाकाठच्या बाभळीवर गेल्या. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचा नळ सुटला, सगळं देवाच्या नावावर.

वहीचंही बिंग फुटलं, पण उलटंच. ही वही म्हणजे देवाची पोथी, असं ठरलं. मग वाचून दाखवा. मी घाबरत वाचलं, कोशिंबीची पालवी, मोहाचा वास, गस्तीवरून दमून येणारे आबा. बायका हात जोडून ऐकत होत्या. अंजनाच्या दोघी बहिणींपाशी आले, तर सगळ्यांचे पदर डोळ्यांना. माझाही. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं, मेहरूणमध्ये आपलं कुणी आहे. शेवटी लीलाकाकूंनी हळूच विचारलं, हे आबा महाराज हयात आहेत का? मी म्हटलं, आहेत. खोटं कुठं होतं त्यात?

आता खरी माती मी कुठं खाल्ली ते ऐका. उन्हाळा लागला, पापडांचे दिवस आले. उडदाचं पीठ कुटायचं म्हणजे खांदे निखळतात. अक्का म्हणाल्या, आज देवाचं राहू दे, उद्या कर. मी ठसक्यात म्हटलं, "नाही अक्का, एक दिवस जरी चुकला तरी देव रुसतो. आणि ज्यानं सुरू केलं, त्यानंच करायचं असतं. दुसऱ्याचा हात चालत नाही."

अक्कांनी पीठ झाकून ठेवलं. मी सावलीत बसून वहीत पळस रंगवला. वाटलं, काय डोकं चालतं आपलं.

आणि आली अखाजी, आपली अक्षय्य तृतीया. तुम्हाला सांगायला नको, आपल्या खानदेशात अखाजीला लेक माहेरी नाही असं होतं का? झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या. त्यात माझ्यासाठी ही अखाजी वेगळी होती. आबा जूनमध्ये रिटायर होणार होते. क्वार्टर सोडून चोपड्याला भाड्याच्या खोलीत जाणार होते. म्हणजे रानातलं माझं माहेर हे शेवटचंच. मी महिनाभर आधीपासून पिशवी भरून ठेवली होती, रंगीत पेन्सिलींना टोकं काढून ठेवली होती. मागच्या अंगणातलं एकूण एक झाड वहीत घ्यायचं, मगच परत यायचं, असं ठरवलं होतं.

धाकटा भाऊ दिलीप मुराळी म्हणून मला न्यायला आला. मी पिशवी उचलली, अक्कांच्या पाया पडले. अक्का म्हणाल्या, "तू गयी ते देवनं कोन करी?"

मी म्हटलं, तुम्ही करा ना. तर म्हणाल्या, दुसऱ्याचा हात चालत नाही, तूच सांगितलं होतंस. मी म्हटलं, मग चार दिवस राहू द्या. तर म्हणाल्या, एक दिवस चुकला तरी रुसतो, हेही तुझंच. तोवर लीलाकाकू आणि आणखी दोघीजणी दारात येऊन उभ्या होत्या. एकीच्या पोराचा दहावीचा निकाल लागायचा होता. आत्ता देव रुसून कसं चालेल?

शेवटी मी सगळं ओकले. रडत रडत सांगितलं, देव खोटा आहे, मला एकटीला लिहीत बसायचं होतं, ही पोथी नाही, माझी वही आहे, आणि आबा महाराज म्हणजे माझे वडील.

अक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असं बोलू नये वं. देव खोटा राहता, ते लीलाले गॅस भेटता का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणजे आमचे मालक, वर्तमानपत्रात तोंड घालून बसलेले. म्हणाले, देवाच्या कामात मी पडत नाही. दिलीपकडे पाहिलं. त्याला लीलाकाकू विचारत होत्या, आबा महाराजांची तब्येत कशी आहे. तो बिचारा म्हणाला, गुडघा दुखतो. चौघी एकदम हळहळल्या.

मग अक्कांनाच मार्ग सुचला. मूळ देवालाच विचारायचं, सुनेला सुटी देतो का म्हणून. "आम्हीच जाईसन येतस," असं म्हणाल्या आणि आत जाऊन लुगड्यांची घडी करायला लागल्या. दिलीप आयता सोबतीला होताच. माझी भरलेली पिशवी रिकामी झाली आणि तीच पिशवी अक्कांनी नेली.

म्हणजे बघा, अखाजीला माझ्या माहेरी कोण गेलं? माझी सासू आणि तीन शेजारणी! आणि मी कुठं? मेहरूणच्या बोळात, कडुलिंबाखाली, शेंदूर लावलेल्या दगडाची राखण करत. चार दिवस. शिवाय जाताना अक्का सांगून गेल्या होत्या, झाकून ठेवलेलं उडदाचं पीठ खराब होईल, तेवढे पापड करून टाक. केले. एकटीनं कुटून, एकटीनं लाटून.

पाचव्या दिवशी मंडळी परतली. लीलाकाकूंचा चेहरा नुसता खुललेला. चिंचेच्या झोक्यावर बसल्या होत्या म्हणे, या वयात. आईच्या सांजोऱ्या, आमरस, पहाटे अंगणापर्यंत आलेले मोर. आबांनी स्वतः त्यांना रानात फिरवलं, एकेका झाडाचं नाव सांगितलं. मी ऐकत होते आणि पापडाचा डबा उगाच पुसत होते.

सगळ्या गेल्यावर अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. एरवी त्या अशा बसायच्या नाहीत. म्हणाल्या, गाडीतून आम्ही उतरलो, तुझे बाप मागे बघत राहिले, अजून कुणी उतरतंय का म्हणून. मग हळूच म्हणाल्या, "तुना बाप रडना वं." आणि स्वतःच डोळे पुसायला लागल्या. तू एवढी रानासाठी झुरतेस हे मला तिथं गेल्यावर कळलं, आधी का बोलली नाहीस, असंही म्हणाल्या. बोललेच होते की. पण देवाच्या तोंडून बोलले होते.

पिशवीतून त्यांनी एक अंजनाचं जोडपान काढलं, आबांनी दिलेलं. वही मागून घेतली आणि खळ लावून शेवटच्या पानावर स्वतःच्या हातानं चिकटवलं. उलटं. अजून तसंच आहे ते.

मी विचारलं, घाटात देवाला विचारलं का सुटीचं? त्या म्हणाल्या, विचारलं ना, तिथं तुमची बुधीमाय भेटली. तिला सगळी हकीकत सांगितली, तर म्हातारी हसून हसून खाली बसली.

"का हो?" मी म्हटलं.

म्हातारीनं विचारलं, पोरीनं रोज डहाळी टाकली कुठं? मेहरूणला. आमच्या घाटात किती टाकल्या? एकही नाही. मग देव तिला परत आणणार कुठं?

आता पस्तीस वर्षं झाली. जूनमध्ये क्वार्टर गेलं ते गेलंच, मला ते पुन्हा दिसलं नाही. ह्यांची बदली तीनदा निघाली, एकदा तर थेट चोपड्याला, आणि तिन्ही वेळा रद्द झाली. मी त्या बोळात रोज एक याप्रमाणे सहा महिने डहाळ्या टाकल्या होत्या हो. आता मला मेहरूणमधून कोण हलवतंय?