तिसऱ्या मजल्यावरची काचपट्टी

रोज सकाळी जिना झाडून झाला की किल्लीवाले तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबत आणि भिंतीवरची काचपट्टी फडक्याने पुसत. भिंतीला गेलेल्या तड्यावर इंजिनिअरने ती बोटभर पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली होती, कोपऱ्यात तारीख घालून. भिंत हलली तर काच फुटणार, इतकं साधं. तिला हात लावायचा नाही, असं त्याने बजावलंही होतं. पण ज्या इमारतीचे फोटो काढायला लोक लांबून येतात, तिच्या जिन्यात धूळ दिसली की किल्लीवाल्यांना स्वतःचाच चेहरा मळल्यासारखा वाटे.

इमारत शंभरीला टेकलेली. शहरातली पहिली लिफ्ट इथली; ती बघायला म्हणे रांग लागायची. गोलाकार गॅलऱ्या तर पोस्टाच्या तिकिटावर छापून आलेल्या. किल्लीवाल्यांचे वडीलही इथेच राखणीला होते. जिन्याखालच्या दीड खोलीत त्यांचा जन्म गेला, आता यांचा चालला होता.

एका सकाळी फडक्याखाली काहीतरी खरखरलं. काच मधोमध दुभंगली होती.

आपला हात जड पडला की भिंत सरकली? हात म्हणावं तर नोकरी जाणार. भिंत म्हणावं तर बावीस बिऱ्हाडं रस्त्यावर, त्यात आपलंही. बायको म्हणाली, सांगून मोकळे व्हा. ते झाले नाहीत. फोटोच्या चौकटीतली काच कापून त्यांनी तशीच पट्टी लावली आणि इंजिनिअरच्या अक्षराच्या वळणाने जुनीच तारीख घातली.

त्यानंतर फडकं तिथे नेलं नाही. नुसतं बघायला मात्र दिवसातून दहादा काहीतरी निमित्त काढून वर जात. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी विचारलंच, भिंतीशी सोयरीक जमवताय की काय? ते कसनुसं हसले. बाईंच्या शिकवणीची मुलं धडधडत जिना उतरू लागली की त्यांचा जीव टांगणीला लागे.

बाराव्या दिवशी नवी काचही तडकली. या खेपेला कुणाचाच हात लागला नव्हता.

ते तसेच इंजिनिअरच्या कचेरीत गेले आणि सगळं सांगून टाकलं, खोट्या तारखेसकट.

"बारा दिवस लपवलंत?"

"हो. माझं काय करायचं ते मागाहून करा. आधी माणसं बाहेर काढा."

संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी झाली. सामान उतरवताना कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. काहींना त्यांनी सांगितल्याचा राग, काहींना उशिरा सांगितल्याचा. जिन्याला लोखंडी टेकू लागले. लोक आता रस्त्यापलीकडूनच फोटो काढतात.

नोकरी गेल्यावर किल्लीवाले लेकीकडे राहिले, जेमतेम दीड वर्ष. वर कुणी खुर्ची सरकवली तरी दचकून छताकडे बघत. वारले त्या सकाळी लेक कामाला निघाली, तर तिला दारात थांबवून म्हणाले, "मास्तरीणबाईंना फोन लाव गं जरा. नवीन घर कितव्या मजल्यावर मिळालंय, विचार."