सुपातलं नाव

"नाव तर लिहीनच मी. पण हेच नाव काहून ठेवलं, ते सांगा अगोदर."

पोराला शाळेत घालायला आलेल्या प्रत्येक आईबापाला आमचे गुरुजी हे विचारत. विचारताना चष्मा कपाळावर चढवायचे आणि पुढे वाकायचे. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात सत्तरच्या दशकात शाळेत नाव घालणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. गुरुजींपाशी त्याला अर्धी सकाळ लागायची.

बुधवारचा तो बुधा, शुक्रवारचा तो शुक्रा, हे त्यांना पाठच होतं. पण एकदा एका बापाने पोराचं नाव दुकाळू सांगितलं. "हा झाला त्या साली धान पिकलंच नाही जी," तो म्हणाला. गुरुजींनी त्याला चहा पाजला. बांगड्या विकायला येणाऱ्या मुसलमान बाईंच्या मुलीचं नाव शबनम. ते फारसी, त्याचा अर्थ दव, हे कळल्यावर गुरुजी दोन दिवस वर्गात तेच सांगत होते. "पाहा रे! त्यांच्यात पोरीले दव म्हणतात, अन् आपण कचराबाई म्हणतो!" दवाखान्यातल्या ख्रिस्ती नर्सबाईंना त्यांनी मार्था या नावाचा अर्थ सांगितला, घराची मालकीण. सरकारी क्वार्टरच्या एका खोलीत राहणाऱ्या त्या बाई इतक्या हसल्या की हातातली सुई त्यांना खाली ठेवावी लागली.

तुम्हीही असे गुरुजी पाहिले असतील. माणूस गोड. कोणीही त्यांच्यापाशी मन मोकळं करावं असा.

माझं नाव राहुल. ते वडिलांनी ठेवलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातले देव वैनगंगेत सोडले आणि पुढची तीस वर्षं गावोगावी सांगत फिरले, नवस सोडा, अंगारे सोडा. शाळेत मला घालताना त्यांनी गुरुजींना ताठ मानेनं सांगितलं, "बुद्धाच्या मुलाचं नाव आहे." गुरुजी म्हणाले, "राहुल म्हणजे बंधन, ठाऊक आहे ना?" वडील हसले. मग ते पुढे निघाले, आणि आई छत्री विसरली म्हणून परत फिरली. छत्री तर माझ्या हातात होती. ती गुरुजींशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती, एवढं मला आठवतं.

मी शिकलो, मास्तर झालो आणि गुरुजींच्याच शाळेत लागलो. त्यांना नावं जमवून द्यायचा नाद मलाही लागला. कोणाकडे बारसं असलं की मी विचारून यायचो आणि सकाळी त्यांना सांगायचो. त्यांच्याइतका मोठा माणूस मी पाहिला नव्हता, हे आज लिहिताना हात जड होतो, पण खरं आहे.

भंडाऱ्याला शिक्षकांनी व्याख्यान ठेवलं, "नावांच्या जन्मकथा". गुरुजी बोलणार होते. वडील तेव्हा पंचायत समितीवर होते, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची. मी मागे, सोबतच्या मास्तरांमध्ये.

काय बोलले गुरुजी! सभागृह नुसतं हसत होतं. शेवटी म्हणाले, "आता एक आमच्या तालुक्यातली गंमत ऐका. एका घरी दोन लेकरं गेली. तिसरं झालं. बाप गावोगावी भाषण देते, नवस सोडा! अन् घरी मायनं काय केलं? पहाटेच लेकरू नेऊन उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं ते सुपात उचललं, मूठभर तांदूळ मायच्या हातावर ठेवले, अन् म्हणाली, हे माझं. मरण आलं तर त्याले वाटावं, हे या घरचं नाहीच! लेकराचं नाव पडलं सुपडू. बापाले आजही पत्ता नाही. त्यानं तर ठेवलं बुद्धाच्या लेकाचं नाव!"

लोक लोटपोट. मीही हसलो. मांडीवर थाप मारून हसलो हो! आणि थाप मारलेला हात तिथेच राहिला, कारण पुढच्या रांगांतली डोकी एकेक करून वडिलांकडे वळत होती.

वडील शेवटपर्यंत बसून राहिले. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या.

एसटीत ते एकदाच बोलले. "तुले माहीत होतं?"

"नाही बाबा."

घरी आई तांदूळ निवडत होती. वडिलांनी कोट काढला आणि विचारलं, "कोणाच्या सुपात?" आईच्या हातातले तांदूळ खाली पडले. तिने शेजारणीचं नाव सांगितलं. ती बाई केव्हाच वारली होती. वडिलांनी मान हलवली. ओरडले नाहीत, बोट लावलं नाही. फक्त त्यानंतर सभेला जाणं बंद केलं. आणि आणखी एक. दीक्षेनंतर आईचं नाव त्यांनीच सुजाता ठेवलं होतं आणि गावात बायकोला नावाने हाक मारणारा तो एकच माणूस होता. ती हाकही बंद झाली. तीन वर्षांनी ते गेले, तोवर आई त्यांच्यासाठी नुसती "ऐक" होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी गुरुजींना गाठलं. ते खुशीत होते. "लोकं कसे हसले, पाहिलंस ना?"

"माझ्या मायची गोष्ट होती ती."

"अरे बाप्पा, मी कोठी कोणाचं नाव घेतलं?"

मला त्यांची किळस आली. हीच किळस दुसऱ्या कोणाची आली असती तर बरं, असं वाटून रडूही आलं. त्यांना बारशाच्या बातम्या पुरवणारा मीच होतो. त्यातल्या किती बायकांनी त्यांना असंच काही विश्वासानं सांगितलं असेल, या विचाराने मला कित्येक दिवस अन्न गोड लागलं नाही. मी बदली मागून पवनीकडे गेलो.

वडील गेल्यावर तेराव्या की चौदाव्या दिवशी गुरुजी घरी आले. निवृत्त झाले होते, वाकले होते. आईने त्यांना बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी दारात उभा राहिलो, बसलो नाही.

"बाई," ते म्हणाले, "चुकलंच माझं. बोलता बोलता निघून गेलं."

आई सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, मी ते याच्या बापाले नाही सांगतलं. या पोराले नाही सांगतलं. माझ्या मायलेही नाही. तुम्हाले सांगतलं."

गुरुजी पाणी प्यायले नाहीत. उठताना भिंतीला हात लावून उठले आणि गेले. त्यांना हात द्यायला मी पुढे झालो नाही. पुढे चार वर्षं ते त्याच गावात होते, पण आमच्या गल्लीने पुन्हा कधी आले नाहीत.